कंसाबाहेरचा पाहुणा

उमरग्यात हायवेवरून आत वळलं की एक मेडिकल आहे. त्याच्या वरच्या खोलीत मी कॉलेजच्या मुलांना गणित शिकवते. खाली खोकल्याचं औषध मिळतं, वर लिमिट आणि इंटिग्रेशन, आणि दोन्हीकडे माणसं चेहरा पाडूनच येतात. बीएस्सीची मुलं, काही डिप्लोमाची, काही एकदा-दोनदा आपटलेली. हैदराबादकडे जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न खिडकीतून सारखे आत येत असल्यामुळे माझा आवाज मुळातच मोठा झालाय आणि राग त्याहून मोठा. मुलं माझ्या माघारी मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, पण ते इथं लिहीत नाही.

या रागाच्या खाली मला एक खोड आहे. बरोबर उत्तर आलं की माझा त्यातला रस संपतो. चुकीचं आलं की मी खुर्ची ओढून बसते. बरोबर येणारी मुलं सगळी एकाच रस्त्यानं येतात. चुकणारा मात्र कुठल्या तरी भलत्याच बांधावरून आलेला असतो, आणि तो बांध कुठला हे कळल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. घरचे म्हणतात, बाकीच्या बायका साड्या बघतात, ही चुका बघते. साड्यांचं काय, कुठल्याही दुकानात जा, पळसाला पाने तीनच. चुका तशा नसतात.

आता सांगते ती चूक मला कित्येक वर्षं छळत होती. लोहाऱ्याच्या बाजूच्या काही खेड्यांतून येणारी मुलं कंस सोडवताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची. आधी मला वाटलं, देवाचं नाव घेतात. माझ्या क्लासमध्ये ते नवीन नाही. पण ही मुलं बाकी कुठं पुटपुटत नव्हती, फक्त कंस आला की. आणि मग पुढं जे लिहायची ते पाहून माझ्या कपाळाची शीर उडायची. लॉगच्या कंसात दोन पदं असली की लॉग दोघांनाही वेगवेगळा लावायची. वर्गमूळाच्या आत बेरीज असली की दोघांचं वेगवेगळं मूळ काढून मोकळी. साइनचंही तेच. तसं हे चुकणं गणितात नवीन नाही, जगभरची मुलं चुकत असतील. पण ती घाईत चुकतात, धांदरटपणानं चुकतात. ही मुलं सावकाश, मन लावून, अगदी भक्तिभावानं चुकायची. त्याचंच मला नवल वाटायचं.

"काय पुटपुटतोयस?" म्हटलं की "काय न्हाय म्याडम." माझा आवाज ऐकून कोण सांगणार?

ते कोडं एका मुलीनं सोडवलं. लोहारा तालुक्यातल्या एका खेड्यातली, घरी मेंढरं. वयानं माझ्या इतर मुलांपेक्षा मोठी, कारण तिचा बीएस्सीचा एकच पेपर राहिला होता, गणिताचा, आणि तो राहतच चालला होता. जुना अभ्यासक्रम बंद व्हायचा होता, त्या पेपरची ही शेवटची परीक्षा. या वेळी राहिला तर आधीचं सगळं पाण्यात, पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात. तिला पुढं बीएड करून शाळेत शिकवायचं होतं. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "घरचे कुणी काय बोलत न्हाईत म्याडम. वडील मला जीपपर्यंत सोडायला येतेत. पण ह्या बारीला न्हाय निघाला तर म्या पुन्हा पुस्तकाला हात लावणार न्हाय. मला मीच वळखते."

रडून सांगितलं असतं तर मी तिला पाणी देऊन वाटेला लावलं असतं. तिनं इतकं शांतपणे सांगितलं की मलाच धास्ती वाटली.

तिला मी साइनचं डेरिव्हेटिव्ह मूळ व्याख्येपासून काढायला दिलं. फळ्यासमोर उभी राहिली, साइन ऑफ एक्स प्लस एच लिहिलं आणि पुटपुटली. मी शेजारीच होते. या वेळी मला स्पष्ट ऐकू आलं.

"ह्यालाबी, ह्यालाबी."

आणि लिहिलं, साइन एक्स अधिक साइन एच. मग साइन एक्समधून साइन एक्स गेला, उरलं साइन एच भागिले एच, आणि उत्तर आलं एक. सगळीकडे एक. म्हणजे हिच्या हिशेबानं साइनचा आलेख कुठं वळतच नाही, सोलापूर रोडसारखा सरळ चालत राहतो.

मी ओरडले नाही. मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. मी विचारलं, "ह्यालाबी म्हणजे काय गं?"

ती लाजली. खडू या हातातून त्या हातात घेतला आणि म्हणाली, "टावेल-टोपी करालेय म्याडम."

वर्ग हसला. पण सगळा नाही. लोहाऱ्याकडची दोन मुलं हसली नाहीत, उलट त्यात हसण्यासारखं काय आहे, अशा नजरेनं इतरांकडे बघत राहिली.

मग तिनं मला सगळं समजावून सांगितलं, अगदी हळू, जशी मी त्यांना सांगते तसं. त्यांच्या गावच्या शाळेत, जिथं आसपासच्या खेड्यांतलीही मुलं येतात, एक गुरुजी होते. त्यांचा नेम असा, की कंसाच्या बाहेर उभा असतो तो पाहुणा. कंस म्हणजे लग्नाचा मांडव. पाहुणा मांडवात आला की आत बसलेल्या प्रत्येकाला आहेर करायचा. "ह्यालाबी टावेल-टोपी, ह्यालाबी टावेल-टोपी. एकाला जरी सोडलं तर तो रुसून उठतो, अन् गणित बिघडतंय."

मला हसू आलं आणि त्याच वेळी गुरुजींचं कौतुकही वाटलं. तीन कंसात एक्स अधिक चार असेल तर मुलं तीन एक्स अधिक चार लिहून मोकळी होतात. दुसरा बिचारा आहेराविना राहतो. ही गोष्ट ज्या मुलानं ऐकली तो आयुष्यात कधी दुसऱ्याला विसरणार नाही. आमच्या भागात टॉवेल-टोपीवरून रुसलेली माणसं प्रत्येकानं पाहिलेली आहेत. काहींच्या तर घरातच आहेत.

पण साइन हा आकडा नाही, तो कशाला गुणत नाही, हे मी तिला सांगितलं. तिनं मान डोलावली. पुढच्या गणितात पुन्हा टॉवेल-टोपी. मग मी तिच्याकडून साइनची सूत्रं पाठ करून घेतली. विचारलं की घडाघडा म्हणायची. पण गणिताच्या मध्यावर, डोकं दुसरीकडं गुंतलं की हात आपला आहेर करून मोकळा. जित्याची खोड, ती अशी सूत्रांनी जाते होय? रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं माझं चाललं होतं.

त्यात आणखी एक पंचाईत होती, ती मला तेव्हा नव्यानं लक्षात आली. निम्म्या वेळी गुरुजींचा नेम बरोबरच ठरतो. इंटिग्रेशन दोन पदांच्या बेरजेला लावलं तर ते खरंच प्रत्येकाला वेगळं लावता येतं. डेरिव्हेटिव्हही तसंच, लिमिटही. म्हणजे मुलगी एका पानावर आहेर करून मार्क मिळवायची आणि दुसऱ्या पानावर तोच आहेर करून मार्क घालवायची. एखादी खोटी गोष्ट सारखी खोटी ठरली तर माणूस ती सोडतो. ही अर्धी खरी होती, म्हणून मरत नव्हती.

पण एका शिक्षकाचं एक वाक्य इतकी वर्षं, इतक्या मुलांच्या तोंडात टिकतं कसं? माझं असं एक वाक्य कुणाच्या तोंडात असेल का, असंही मनात आलं, आणि उत्तर फारसं सुखाचं नव्हतं. माझी मुलं परीक्षेनंतर मला विसरतात, आठवलाच तर माझा आवाज आठवतो. चौकशी केली तेव्हा कळलं, गुरुजी कधीच रिटायर झालेत आणि आपल्या गावी, तेरला, राहतात. आता त्या शाळेवर जे आहेत ते त्यांचेच विद्यार्थी. त्यामुळे टॉवेल-टोपी चालूच आहे.

एका रविवारी मी धाराशिवची एसटी धरली आणि तिथून तेरची. घरी सांगितलं, कामाला चालले. काय काम, हे नीट सांगता आलं नसतं.

गुरुजी ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. किडकिडीत, पांढरा पायजमा-शर्ट, कानावर केस. माझी ओळख सांगितली. "बसा बसा," म्हणाले आणि शेंगांचं सूप माझ्याही पुढं सरकवलं. मग आम्ही दोघं शेंगा फोडत बोललो. मी टॉवेल-टोपीचा विषय काढताच त्यांचा चेहरा उजळला.

"अजून म्हनतेत का पोरं?"

"म्हणतात. बीएस्सीला आली तरी."

ते खूष झाले. त्यांनी मला सगळी हकिगत सांगितली. सुरुवातीला पोरं कंसातलं दुसरं पद विसरायची. रागावून झालं, छड्या झाल्या, काही उपयोग नाही. मग गावात एक लग्न झालं आणि त्यात नवरदेवाच्या चुलत्याचा टॉवेल-टोपी राहून गेला. चुलता भरल्या ताटावरून उठला. मांडवात नुसता गोंधळ. दुसऱ्या दिवशी वर्गात पोरं अभ्यास सोडून तेच बोलत होती. "म्या म्हनलं, बोलताव तर नीट बोला. फळ्यावर कंस काढला. म्हनलं, हा मांडव. त्या दिवसापासून एक पोरगं चुकलं न्हाय बघा."

मी शेंगा फोडत राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिक्षकाला समोरच्याच्या मनात काय आहे हे कळतं, निदान जुन्या शिक्षकाला.

"म्याडम, तुमी उमरग्याहून हितपर्यंत नुसतं हे ऐकायला आला न्हाव."

मग मी सांगितलं. ओसरीच्या भिंतीवर काळ्या रंगाचा एक चौकोन होता. त्यावर कुणीतरी 'गॅस संपला' असं लिहून ठेवलं होतं. गुरुजींनी ते ओल्या फडक्यानं पुसलं आणि माझ्या हातात खडू दिला. मी वर्गमूळाचं चिन्ह काढलं, आत नऊ अधिक सोळा लिहिलं. "तुमच्या नेमानं करा," म्हटलं.

"ह्यालाबी, ह्यालाबी," ते सहज म्हणाले. "तीन अन् चार. सात."

"आता आधी बेरीज करून मूळ काढा."

त्यांनी बेरीज केली. पंचवीस. मग पाच म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मला वाईट वाटलं. मला वाटलं, कशाला आलो आपण, भल्या माणसाचा रविवार नासवला.

"तुमची चूक नाही गुरुजी," मी म्हणाले. "नेम बरोबरच आहे."

"बरोबरच हाय," ते म्हणाले. "पण माझ्या कंसाच्या बाहेर कायम आकडाच उभा असायचा. सातवीपातूर दुसरं कोण आलंच न्हाय. पुढं जाऊन कोण कोण येऊन उभं ऱ्हातंय, मला काय ठाव?" मग त्यांनी विचारलं, "ह्यानं कुणाचं नुकसान व्हतंय का?"

मी मुलीबद्दल सांगितलं. शेवटच्या परीक्षेचंही सांगितलं. त्यांनी तिच्या वडिलांच्या मेंढरांवरून तिला लगेच ओळखलं. "ती व्हय. शाळा सुटल्यावर फळा पुसायला थांबायची." मी निघाले तेव्हा बस स्टँडपर्यंत चालत आले आणि मी बसमध्ये चढत होते तेव्हा ते म्हणाले, "तेवढं साइन म्हंजे काय असतंय, ते कुनाला तरी सांगायला लावा मला."

दुसऱ्या दिवशी क्लासला मी त्या मुलीला गुरुजींचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. कंसाच्या बाहेर कायम आकडाच उभा असायचा, दुसरं कोण आलंच नाही.

आतापर्यंत मी तिला सांगत होते की तुझा नेम चूक आहे, आणि ती मान डोलावत होती. आता गुरुजी म्हणत होते की नेम एका पाहुण्यापुरता आहे. हे ऐकून तिनं मान डोलावली नाही. ती माझ्याशी भांडायला उभी राहिली.

"मग साइन कोण हाय?"

"तूच सांग. तो कंसातल्यांशी काय करतो?"

"एक्स अन् एच आधी एक व्हतेत. मग दोघं मिळून आत जातेत." ती फळ्याकडे बघत बोलत होती, माझ्याशी नव्हे. "एक-एकटा जातच न्हाय." मग एकदम वळून म्हणाली, "मग हे चूलबंद आवतन हाय की म्याडम."

आमच्याकडे जेवणाचं आमंत्रण दोन प्रकारचं असतं. एक, घरटी एकच माणूस. दुसरं चूलबंद, म्हणजे लहानथोर सगळं घरच जेवायला जायचं, त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. मला हे सुचलं नव्हतं. गुरुजींनाही नाही. ते तिलाच सुचलं, आणि मला इतका आनंद झाला की मी खिडकी लावली, त्या दिवशी हॉर्न नको वाटले.

मग तिनं एकेकाला ओळखायला सुरुवात केली. लॉग, चूलबंद. मूळ, चूलबंद. इंटिग्रेशन, टॉवेल-टोपी. तीन, टॉवेल-टोपी. "कंसाचा वर्ग?" मी विचारलं. ती टॉवेल-टोपी म्हणता म्हणता थांबली, फळ्यावर दोन अधिक एक घेऊन बघितलं आणि म्हणाली, "चूलबंद. लई लबाड हाय हा, वरून आकड्यावानी दिसतोय." मागं बसलेली ती लोहाऱ्याकडची दोन मुलं तोवर पुढच्या बाकावर येऊन बसली होती. मी बोलावलं नव्हतं.

पण कळणं वेगळं आणि हाताला वळण लागणं वेगळं. परीक्षेपर्यंत तिचा हात अधूनमधून आहेर करतच होता. कंस दिसला की ती आधी खडू खाली ठेवायची आणि विचारायची, बाहेर कोण हाय? मगच उचलायची. यात वेळ जायचा. पेपर पुरा होणार नाही, ही मला काळजी. तिला ती नव्हती, किंवा असली तरी तिनं दाखवली नाही.

पेपर झाला त्या दुपारी ती सरळ माझ्याकडे आली. मी तिला बसूही न देता प्रश्नपत्रिका ओढून घेतली. साइनचं गणित आलं होतं. "काय केलंस?"

"आधी ह्यालाबी-ह्यालाबी केलं. पेन आपसूक गेलं. मग खोडलं अन् नीट केलं."

"खोडलंस कशाला, आधीच नीट करायचं ना," असं मी ओरडले, आणि मग खाली जाऊन दोघींसाठी चहा सांगून आले. तिचं शेवटचं गणित वेळेअभावी राहिलं होतं. ते तिनं चहा पिताना सांगितलं. रात्रभर तेच माझ्या डोक्यात होतं. मीच तिला कंसापाशी नको तितकं थांबू दिलं, म्हणून ते गणित राहिलं, असं वाटत राहिलं.

निकाल लागला. काठावर, पण निघाला. तिचा फोन आला तेव्हा ती हसतही नव्हती आणि रडतही नव्हती, नुसतं "निघाला म्याडम, निघाला" म्हणत होती, आणि मागं मेंढरांचा आवाज. मी म्हटलं, आता एक काम कर. तेरला जा. गुरुजींना साइन शिकायचाय.

काही दिवसांनी गुरुजींचा फोन आला. मोठमोठ्यानं बोलत होते, जुनी माणसं फोनवर बोलतात तसं.

"पोरगी आली व्हती. पेढे घेऊन. वसरीवर उभं राहून मला साइन शिकवला. चूलबंद सांगितलं. समदं कळलं बघा." मग आवाज जरा उतरला. "मंग तिनं मला एक गणित घातलं. म्या चुकलो. ह्यालाबी केलं."

"सवय आहे गुरुजी. जाईल."

"माझी कुठली जातेय आता. पण म्याडम, एक ऐका. तुमच्याकडं माझ्या शाळेची पोरं येत राहणार. त्यांना सांगा, गुरुजींचा निरोप हाय, कंस फोडायच्या आधी बाहेर कोण उभं हाय ते विचारा. माझ्या नावानं सांगा. तुमचं न्हाईत ऐकायची ती."

मला राग यायला हवा होता. इतकी वर्षं या खोलीत माझा घसा बसलाय. पण तो माणूस खरं बोलत होता. तेव्हापासून त्या बाजूचं कुणी नवीन आलं आणि कंसापाशी पुटपुटू लागलं, की मी ओरडत नाही. हळू आवाजात म्हणते, तुमच्या गुरुजींचा निरोप आहे. आणि ते पोरगं खडू खाली ठेवतं.